तलाव एक, नळ चार

आटगाव, ता. शहापूर
७ नोव्हेंबर २००५

जयश्रीबाई पष्टे यांस,
यमाजी धाऊ विशे याचा नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहितो. मी तानशाच्या पाइपलाइनीवर एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो, आता रिटायर होऊन घरची भातशेती बघतो. माझा मुलगा आदेश यानं गेल्या मे महिन्यात तुमच्या मुरबाडच्या कार्यालयात संगणक बसवले. मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेली खोकी तो कुठून कुठून गोळा करून आणायचा. आमचा माळा त्यांनीच भरला होता. भाताच्या कणग्या ठेवायला जागा राहिली नव्हती.

जूनमध्ये माझ्या खटपटीनं त्याला पाइपलाइनीवरच चिकटवायचं ठरलं होतं. मुलाखतीच्या दिवशी हा पठ्ठ्या तुमच्याकडे तारा ओढत बसला. इथं मी साहेबांसमोर तोंडघशी पडलो. घरी आलो तर दारात भंगारवाला उभा. रागाच्या भरात माळ्यावरची दोन खोकी त्याला देऊन टाकली आणि बदल्यात ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. संध्याकाळी आदेश आला. माळ्यावर बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि पिशवी भरून निघून गेला. पाच महिने झाले. ती दोन खोकी तुमच्याच कार्यालयासाठी तयार करून ठेवली होती, हे मला मागाहून कळलं. म्हणजे तुमचंही नुकसान मी केलं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्या पाड्यावरची लहानी तुमच्याकडे मुलाच्या दाखल्यासाठी येऊन गेली. "आदेश रविवारी येऊन गेलेला दिसतो," असं तुम्ही कुणाला तरी म्हणालात, ते तिनं ऐकलं. तो मुरबाडपर्यंत येतो आणि आटगावला येत नाही, हे खरं असेल तर तसं कळवावं. खोटं असेल तर तसंही कळवावं. मला स्वतःला काही नाही. त्याच्या आईचं, गिरजाचं, रोज चालू असतं, "दिवाली झाली, भाऊबीज झाली, पोराचा कागद नाय." तिला काहीतरी सांगता यावं म्हणून विचारतो.

आपला,
यमाजी विशे


मुरबाड
१५ नोव्हेंबर २००५

यमाजीकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? नाही म्हणालात तरी मी म्हणणारच, तेव्हा चालवून घ्या.

लहानीनं ऐकलं ते खरं आहे. पण आदेश पायांनी येत नाही, फोनच्या तारेवरून येतो. कसं ते सांगते.

आमची संस्था छोटी. पाड्यापाड्यावरच्या लोकांचे जातीचे दाखले, रेशनकार्डं, शाळेचे अर्ज, असली कामं. कामाला मी, हौसा आणि मालू. संगणक एकच घेता येईल एवढीच ऐपत, आणि रांगेत आम्ही तिघी. तेव्हा आदेश म्हणाला, "ताई, एकच घ्या, पण तगडा घ्या." तो त्यानं कोपऱ्यात ठेवला. मग चार टेबलांवर चार जुनी खोकी मांडली. त्यांतल्या हार्डडिस्क, म्हणजे साठवण्याच्या डब्या, काढून टाकलेल्या. त्यांच्यात स्वतःचं असं काही नाही. फ्लॉपी घातली की ते तारेवरून कोपऱ्यातल्याला हाक मारतात आणि सगळं काम तोच करतो. हौसा त्यांना बिनडोक्याचे डबे म्हणते. गंमत अशी की मी कुठल्याही टेबलाशी बसून माझं नाव घातलं, की काल जिथं सोडलं तिथून माझंच काम समोर येतं. खोकं कुणाचंही असो. एक तलाव आणि चार नळ, असं समजा. तुमच्यासारख्याला हे लगेच कळेल.

त्या तलावाला आदेशनं फोनची तार जोडून ठेवली आहे. रविवारी कार्यालय बंद असतं. अकराच्या सुमाराला फोन वाजतो, मशीन आपणहून उचलते, आणि तो जिथं असेल तिथून आत येऊन आठवड्याचं कुठं काय बिघडलंय ते बघून जातो. सोमवारी यादीत दिसतं, आदेश, रविवार, अकरा वाजून दोन मिनिटं. कधी आमच्यासाठी चिठ्ठी ठेवतो, "मालूताई, फ्लॉपी उन्हात ठेवू नका." एवढंच.

तो कुठून फोन करतो ते मला माहीत नाही. पत्ता त्यानं ठेवलेला नाही. पण दर रविवारी येतो, म्हणजे बरा आहे, असं काकूंना सांगा.

आणि दोन खोक्यांचं मनावर घेऊ नका. सहाऐवजी चार आहेत, चालतंय.

तुमची,
जयश्री


आटगाव
२८ नोव्हेंबर २००५

चि. जयश्रीताई,

काका म्हणा, हरकत नाही.

तलाव आणि नळाचं लगेच कळलं. गिरजाला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे पोर तुमच्यासारकाच निगाला. पानी सोडनारा." फक्त एक कळलं नाही. या सगळ्याला व्हॉल्व्ह कुठं असतो? बंद कुठून करतात?

तुम्ही लिहिलेला रविवार अकराचा टाइम गिरजानं डोक्यात घेतला आहे. रविवारी अकरा वाजले की ती हातातलं काम टाकून ओटीवर येऊन बसते. आटगावात बसून काय दिसणार आहे? तरी बसते. झोडणीचे दिवस आहेत, खळ्यावर माणसं खोळंबतात. मी ओरडायचं सोडून दिलं आहे.

तुम्ही कार्यालयात यायचं सुचवाल, म्हणून आधीच लिहितो, मी येणार नाही. गेला तो. दार उघडंच आहे, मी काही कडी लावून बसलेलो नाही. यायचं तर त्यानं यावं. ते पातेलं अजून फळीवर आहे. त्यात आजवर काही शिजवलेलं नाही. गिरजा हात लावत नाही आणि मला लावू देत नाही.

यमाजी


मुरबाड
५ डिसेंबर २००५

आदेश,

तुझा पत्ता कुणाला देणार नाही असं तुला कबूल केलं होतं. तो शब्द पाळायला मी एका म्हाताऱ्या माणसाशी चक्क खोटं बोलले. ते पाप तुझ्या डोक्यावर.

तुझ्या वडिलांची दोन्ही पत्रं उतरवून सोबत पाठवते आहे. नीट वाच. 'मला स्वतःला काही नाही' असं लिहिणारा माणूस पानभर पत्र कशाला लिहितो, ते तुला मी समजावायला हवं का? माझे वडीलही असेच होते. म्हसा, माझं माहेर, इथून हाकेवर. पण माझ्या लग्नावरून बोलणं बंद झालं ते चार वर्षं. आधी कोण बोलणार, एवढाच प्रश्न होता. ते गेले, आणि प्रश्न तसाच राहिला. अजून जत्रेचा पाळणा दिसला की मी वाट बदलते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून नाक खुपसते आहे.

मी ठरवलंय ते ऐक. १४ जानेवारीला शनिवारी म्हसोबाची जत्रा लागते. काकांना मी जत्रेचं आमंत्रण देणार आणि राहायला घरी ठेवून घेणार. रविवारी अकराला त्यांना कार्यालयात आणून मशीनसमोर बसवते. तू ये तारेवरून. तूच एकदा सांगितलं होतंस ना, की दोघं एकाच वेळी आत असले की एकमेकांना लिहून बोलता येतं? मग बोला बापलेक.

जयश्रीताई


चिपळूण
१७ डिसेंबर २००५

ताई,

पत्रं वाचली. आई ओटीवर येऊन बसते हे तुम्ही कळवायला नको होतं. आता रविवारी नंबर फिरवताना ती ओटीच दिसते.

इथं बरं चाललंय. एका शाळेत आठ डबे बसवले, आता एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन. काम आवडतं. संध्याकाळी खोलीवर आलो की मात्र काही सुचत नाही. इथली माणसं चांगली आहेत, पण 'आलास का रे' असं विचारणारं कुणी नाही.

पंधरा तारखेला अकराला फोन लावतो. पण बाबांना आधी सांगू नका. सांगितलंत तर जत्रेलासुद्धा येणार नाहीत.

कसं करायचं ते असं. तुम्ही कुठल्याही टेबलावर तुमच्या नावानं बसा. मी आत आलो की पडद्याचे दोन भाग होतील. वरच्या भागात तुम्ही लिहाल ते, खालच्यात मी लिहीन ते, अक्षर उमटताना दिसेल. मराठी अक्षरं त्यात येत नाहीत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागेल. बाबांना इंग्रजी पाइपावरच्या नंबरापुरतंच येतं, तेव्हा तुम्ही वाचून दाखवा आणि ते बोलतील ते लिहा. फोन वाजला तर कुणी उचलू नका, मशीनला उचलू द्या.

काय लिहायचं ते मी रोज ठरवतो आणि रोज खोडतो.

आदेश


मुरबाड
२ जानेवारी २००६

यमाजीकाका,

१४ तारखेला म्हशाची जत्रा आहे. खिलारी बैल बघायला कोण येत नाही! शनिवारी दुपारपर्यंत मुरबाडला या. आधी आमचं कार्यालय बघा, मग जत्रा. मुक्काम माझ्याकडे. रविवारी सकाळी पुन्हा कार्यालयात जाऊ, चहा पिऊ, मग तुम्हाला शहापूरच्या एसटीत बसवून देते. जत्रेचं आमंत्रण आहे, दुसरं काही नाही, तेव्हा मोडता घालू नका. काकूंना विचारा, त्या तुम्हाला ढकलूनच पाठवतील.

जयश्री


आटगाव
१६ जानेवारी २००६

चि. जयश्रीताई,

तुमच्या घरी पाहुणचार चांगला झाला. गिरजानं पाठवलेले तिळाचे लाडू तुम्ही सगळ्यांना वाटलेत, हे तिला सांगितलं.

आता जे तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, ते लिहितो. रविवारी कार्यालय उघडलं तेव्हा कोपऱ्यातला संगणक काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवून पासवर्ड मागत अडून बसला होता. तुम्ही म्हणालात, "मेल्या बॅटरीनं दगा दिला." बॅटरीनं दगा दिला नव्हता. बंद मी केलं होतं.

शनिवारी तुम्ही तिघी जत्रेच्या घाईत पुढं झालात आणि मला म्हणालात, "काका, कुलूप लावून या." मी आत नजर टाकली. माणूस नाही, आणि कोपऱ्यात दिवे लुकलुकताहेत, पंखा फिरतोय. मी मेन स्विच पाडला. तरी ते चालूच. खाली इन्व्हर्टर घुमत होता, त्याचंही बटण दाबलं. मग कुठं खोली शांत झाली. एकतीस वर्षं चौकी सोडताना दिवा, स्टोव्ह, रेडिओ, सगळं बंद करून निघालो. चालू ठेवून निघणं मला कधी जमलंच नाही. मागं पत्रात मीच विचारलं होतं, व्हॉल्व्ह कुठं असतो. सापडला तो माझ्याच हाताला.

रविवारी माझा मुलगा त्या तारेवरून येतो, हे मला माहीत होतं. तुम्ही मला नेमकं त्याच टायमाला का आणून बसवलंत, तेही कळत होतं. नाहीतर चहा प्यायला कुणी घरून कार्यालयात जातं का? मी नवा शर्ट उगाच घातला नव्हता.

तुम्ही संगणकातलं थोडं कळणाऱ्या मालूबाईंच्या दिराला बोलवायला धावलात तेव्हा मागं फोन वाजला होता. मशीन उचलेना. सात-आठ वेळा वाजला, मग मी उचलला. पलीकडून कुणी बोललं नाही. ठेवून दिला. एवढंच.

तुमचं काम अडवून ठेवलं याची लाज वाटते. मालूबाईंच्या दिरानं हात टेकले. आता ते आदेशशिवाय चालू होणार नसेल तर काय करायचं, ते मला कळत नाही.

यमाजी


चिपळूण
१८ जानेवारी २००६

ताई,

रविवारी काय झालं ते तुम्हाला कळलं का? बाबांनी काही सांगितलं का?

मी अकराला दवाखान्यातून नंबर फिरवला. संगणक फोनच्या तारेला जोडणाऱ्या मॉडेमला छोटा स्पीकर असतो, पलीकडची शिट्टी ऐकू यावी म्हणून. रिंग जात राहिली. एरवी दुसऱ्या रिंगला मशीन उचलते. मी बंदच करणार होतो, तेवढ्यात कुणी तरी उचललं. शिट्टी आली नाही. बाबांचा आवाज आला.

"हॅलो. मुरबाड हापिस. कोन हाय?"

ताई, मॉडेमला कान असतो, तोंड नसतं. मला ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. दवाखान्यात रविवारी फोनचा डबा डॉक्टरांच्या केबिनमध्ये कुलपात असतो, माझ्या हातात नुसती तार. पलीकडची शिट्टी आली नाही की पाऊण मिनिटात मॉडेम लाइन तोडतो. मला ते माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "ताई भायेर गेल्यात." मग थांबले. मग म्हणाले, "आदेश, तूच हायेस ना रे? नको बोलू. मी बोलतो. तुजी ती दोन खोकी मी दिली, ती माजी चूक झाली. पातेल्यात आजून काय शिजवलं नाय. तुजी आय..."

आणि लाइन गेली.

मी लगेच परत लावला, एंगेज. बूथवर धावत जाऊन लावला, एंगेज. बहुतेक त्यांनी रिसीव्हर नीट ठेवला नसेल. तिसऱ्यांदा लावायचा धीर झाला नाही. माझ्या बापाला चूक झाली म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं तेव्हा हूं करायची सोय नव्हती.

मशीन का बंद पडली ते मला इथून दिसत नाही, आत जाताच येत नाही. तुमच्या लोखंडी कपाटात मी जूनमध्ये जाताना बंद लिफाफा ठेवून गेलो होतो, आठवतो का? मशीन अगदीच अडली तर उघडा म्हणालो होतो. तो उघडा. काय करायचं ते त्यात लिहिलंय.

आदेश


मुरबाड
२४ जानेवारी २००६

आदेश,

रिसीव्हर बाजूला लोंबत होता, तो मी परत आल्यावर ठेवला. तुझे वडील खिडकीशी उभे होते, पाठ करून. त्यांनी मला पत्रात एवढंच लिहिलंय की पलीकडून कुणी बोललं नाही. ते काय बोलले ते तुझ्याकडूनच कळलं. वाचून हौसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिला कारणही सांगता येईना.

मशीन त्यांनीच बंद केली. निघताना दिवे मालवावेत तशी. रागावू नकोस. मी रागावले होते, पण दोनच मिनिटं.

लिफाफ्याचं म्हणशील तर सगळं कपाट उपसलं. नाही सापडला. तेव्हा तूच ये. चौदा अर्ज त्या मशीनमध्ये अडकलेत, आम्ही तिघी पुन्हा कार्बन घालून हातानं लिहीत बसलो आहोत. मालूच्या बोटाला घट्टा पडला. ५ तारखेच्या रविवारी वाट बघते.

जयश्रीताई


मुरबाड
१३ फेब्रुवारी २००६

यमाजीकाका,

आदेश ५ तारखेला आला, तो तुमच्याकडे पोचला, एक रात्र राहिला आणि सकाळच्या लोकलनं परत गेला, हे लहानीकडून कळलं. तुम्ही मात्र एक ओळ लिहिली नाहीत. म्हणून मीच लिहिते. मला कबुलीजबाब द्यायचा आहे.

एक, त्याचा चिपळूणचा पत्ता माझ्याकडे पहिल्यापासून होता. दोन, मशीन चालू करायचा पासवर्ड त्यानं बंद लिफाफ्यात माझ्याकडे ठेवला होता. त्यानं 'तो उघडा' असं कळवलं, तेव्हा लिफाफा माझ्या हातात होता. मी 'सापडत नाही' असं लिहून टाकलं. सापडला असता तर तो आला नसता. त्यापायी तीन आठवडे आम्ही हातानं अर्ज लिहिले, आणि हौसा-मालूला अजून माहीत नाही का ते. सांगू नका, मला कार्यालयात घेणार नाहीत.

त्यानं येऊन पासवर्ड घातला, मशीननं काही विचारलं की हो, हो, असं अर्धा तास दाबत बसला, आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. चौदाच्या चौदा अर्ज. मग मी म्हटलं, "आता घरी जा." तर म्हणतो, "बाबांनी बोलवलंय का?"

मी म्हटलं, "आणि फोनवर काय म्हणाले मग?"

"चूक झाली म्हनाले. ये म्हनाले नाय."

मी त्याला हाताला धरून स्टँडवर नेलं आणि शहापूरच्या गाडीत घातलं. गाडी सुटता सुटता त्यानं खिडकीतून विचारलं, "लिफाफा खरंच नाय सापडला?" मी नाही म्हटलं. तर हसला, "नाय सापडला तेच बरं झालं." का ते मला कळलं नाही.

तो लिफाफा सोबत पाठवते आहे, फोडलेला नाही. मला तो कपाटात नको. पुढच्या वेळी मशीन अडली तर मोह होईल उघडायचा. तुमच्याकडे असला म्हणजे आदेशला यावंच लागेल. पेटीत ठेवा आणि विसरून जा.

तुमची,
जयश्री


आटगाव
१९ फेब्रुवारी २००६, रविवार

चि. जयश्रीताई,

तुम्ही पेटीत ठेवा म्हणालात, मी ठेवला. दोन दिवस ठेवला. गिरजा म्हणाली, "पोराच्या हाताचा कागद हाय, उगडा वो." मी म्हटलं, त्यात पासवर्ड आहे, तो कार्यालयाचा. ती म्हणाली, "मला वाचता येत नाय, माज्यापासून काय धोका?" तेव्हा माफी असावी, आम्ही उघडला.

आदेश आला त्या दिवसाचं आधी सांगतो. संध्याकाळी आला. मी खळ्यावर पेंढ्या रचत होतो. तो आला आणि पेंढ्या वर द्यायला लागला. दिवेलागणीपर्यंत सगळ्या रचून झाल्या. आत आल्यावर त्यानंच ते पातेलं फळीवरून काढलं, घासलं आणि चुलीवर ठेवलं. तिघांचा चहा आणि चार शेर भाताचं पातेलं. चहा तळाला दिसेना. गिरजा हसायला लागली, मग रडायला लागली. रात्री मी त्याला चिपळूणचं पाणी कसं आहे ते विचारलं. त्यानं चांगलं आहे म्हणून सांगितलं. सकाळी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, मी सिग्नलकडे. गाडी आली, गेला. तुम्हाला लिहिण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

आता लिफाफ्याचं. ताई, त्यात पासवर्ड नव्हता. एक वहीचा कागद होता. जशाच्या तशा ओळी देतो.

'ताई, यात पासवर्ड लिहिलेला नाही. मशीन अडली तर आटगावला माझ्या बाबांना निरोप द्या. म्हणावं, आदेशला बोलवा. त्यांनी बोलवलं की मी त्याच दिवशी निघेन.'

खाली तारीख आहे, १७ जून. ज्या दिवशी तो घरातून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

गिरजाला वाचून दाखवलं. ती पुन्हा वाचा म्हणाली. मी तीनदा वाचलं. आठ महिने मी दार उघडं ठेवून बसलो होतो की त्यानं यावं, आणि तो आठ महिने तुमच्या कपाटात बसला होता की मी बोलवावं. मशीन अडायची वाट बघत. तुमच्याकडे जुलैत, ऑगस्टमध्ये, कधीही अडली असती तर? लिफाफा लपवण्यात तुमचा दोष नाही, ताई. तुम्ही तो उघडला असता तरी मी बोलवलं असतं की नाही, कुणास ठाऊक. त्या दिवशी फोनवर 'तुझी आई' म्हणालो आणि लाइन गेली. पुढं 'वाट बघते' म्हणणार होतो. आईचंच नाव पुढं करणार होतो. ये म्हणायचं माझ्या मनात नव्हतं असं नाही, जिभेवर नव्हतं. स्टेशनवरसुद्धा सिग्नलकडे बघत हेच चाललं होतं.

चिपळूणच्या दवाखान्याचा फोन नंबर तो जाताना गिरजाच्या हातात देऊन गेला आहे. आज रविवार, फोन कुलपात असेल. पण त्यानं तिला सांगितलंय की आता अकराला डॉक्टरांकडून किल्ली मागून घेतो.

पत्र इथंच आवरतं घेतो. गिरजा नवं लुगडं नेसून केव्हाची पायरीवर उभी आहे. हे टपालपेटीत टाकून आम्ही दोघं स्टेशनवरच्या बूथवर जातो. पावणेअकरा झाले. काय बोलायचं ते मी विसरू नये म्हणून तळहातावर लिहून घेतलं आहे. एकच अक्षर आहे. ये.

तुमचा काका,
यमाजी